मुरलेल्यांची शाळा

फ्लॅटचा व्यवहार जुळवून देणाऱ्या एजंटाला महाराष्ट्रात आज परीक्षा द्यावी लागते. महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने २०२३ साली तसा दंडकच घातला: आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र, तेव्हा कुठे धंदा. इमारतीचा नकाशा काढणारा वास्तुविशारद १९७२ च्या कायद्याखाली नोंदलेला असतो. हिशेब तपासणारा सनदी लेखापाल अवघड परीक्षांच्या चाळणीतून आलेला असतो. करारनामा लिहिणाऱ्या वकिलाकडे सनद असते. मात्र या सगळ्यांना कामाला लावणारा, शे-दोनशे कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी हाती घेणारा जो प्रवर्तक, म्हणजे आपल्या बोलण्यातला बिल्डर, त्याला कोणतेही शिक्षण सक्तीचे नाही. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, त्याच्याकडे मागच्या पाच वर्षांतल्या प्रकल्पांची माहिती मागतो, जमिनीचे दस्त मागतो, प्रतिज्ञापत्र मागतो. हे काम तुम्ही कुठे शिकलात, एवढे मात्र तो विचारत नाही.

विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच येईल: साइटवर. कोणी वडिलांच्या मागे फिरत शिकले, कोणी इंजिनिअर म्हणून दुसऱ्याच्या पगारावर स्लॅब भरता भरता शिकले, कोणी वाघोली-हिंजवडीकडची घरची शेती बिगरशेती करून घेताना शिकले, कोणी आधी दलाली केली आणि मग स्वतःच प्लॉट घेतला. या उत्तरात कमीपणा काहीच नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कातली एक ओळ पुढे किती वर्षे खाईल, कोणत्या ठेकेदाराला उचल द्यावी आणि कोणाला देऊ नये, समोर बसलेले गिऱ्हाईक बुकिंग करणार की चहा पिऊन जाणार, हे कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही. या ज्ञानाचा मान राखूनच प्रस्तुत पुस्तकातले पाठ रचले आहेत. तरीही वीस-पंचवीस वर्षे या धंद्यात मुरलेल्या माणसाने पुन्हा वही उघडावी, असा त्यांचा आग्रह आहे. तो आग्रह कशासाठी, हे सांगणे हेच या प्रस्तावनेचे काम.

पंचवीस वर्षांचा अनुभव ऐकायला भक्कम वाटतो. पण तो मोजायचा कसा? सरकारी दवाखान्यातला डॉक्टर दुपारपर्यंत पन्नास रोगी तपासतो आणि आपले निदान बरोबर होते की चूक, हे त्याला आठवड्याभरात कळते. जमिनीचे टोकन दिल्यापासून भोगवटा प्रमाणपत्र हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे सहज जातात. म्हणजे मध्यम आकाराच्या बिल्डरच्या हाताखालून उभ्या हयातीत आठ-दहा, फार तर पंधरा प्रकल्प जातात. पहिल्या दिवशी घेतलेला निर्णय बरोबर होता का, याचा निकाल इतक्या उशिरा लागतो, की तोवर त्या निर्णयाची कारणेही विसरलेली असतात. नफा झाला तर आपली नजर, तोटा झाला तर बाजार पडला, एवढाच हिशेब मागे उरतो. वर्षे पुष्कळ आणि नमुने थोडे, असा हा अनुभव आहे.

शिवाय त्या थोड्या नमुन्यांतलाही प्रत्येक वेगळ्या कायद्याखाली घडलेला. १९९५ साली पुण्यात किंवा ठाण्यात पहिली इमारत उभी करणाऱ्या माणसाचा विचार करा. तेव्हा १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा डोक्यावर होता. केंद्राने तो १९९९ साली रद्द केला, पण महाराष्ट्रात तो जायला २००७ चा नोव्हेंबर उजाडला. १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकीचा कायदा होताच. सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन-इमारतीचे अभिहस्तांतरण करून द्या, असे त्याचे नियम सांगत होते आणि बहुतेक जण ते कानाआड करत होते. शेवटी २००८ साली सोसायट्यांना मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला करून द्यावा लागला. मग नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी, १ मे २०१७ पासून रेरा पूर्णपणे लागू, लगेच दोन महिन्यांनी जीएसटी. २०१८ मध्ये मुंबईत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ आली. त्याच वर्षी आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेने हप्ते चुकवले आणि बिल्डरांना पैसा पुरवणाऱ्या वित्तसंस्थांचे नळ आटले. एप्रिल २०१९ पासून घरांवरचा जीएसटी बदलला आणि कच्च्या मालावरच्या कराची वजावट गेली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके प्रदेश सोडून उरलेल्या महाराष्ट्रासाठी एकच एकत्रित नियमावली आली. १९९५ साली कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडलेला हिशेब यातल्या कोणत्या टप्प्यावर चुकू लागला, हे त्या माणसाला कोणी सांगितले नाही. सांगणार तरी कोण?

तेजीने ते सांगू दिले नाही, असेही म्हणता येईल. २००३-०४ नंतरच्या दशकात, २००८-०९ चा धक्का सोडला, तर मुंबई-पुण्याच्या आसपास भाव चढत राहिले. जमीन महाग पडली तरी चाले, काम वर्षभर रखडले तरी चाले, कारण रखडलेल्या वर्षात भाव वाढून चूक भरून निघे. उशीर हा तोटा न वाटता नफा वाटू लागला. शेवटचे दहा फ्लॅट हातात धरून ठेवणारा शहाणा ठरला. या काळात शिकलेला सगळ्यात मोठा धडा असा, की घाई करू नका. आणि पुढच्या दशकात बुडवले ते बहुतांशी याच धड्याने.

दुसरा धडा पैसा फिरवण्याचा. जमीन खरेदीसाठी बँका खासगी बिल्डरला कर्ज देत नाहीत; रिझर्व्ह बँकेचे धोरणच तसे आहे. मग जमिनीसाठी पैसा आणायचा कुठून? चालू साइटच्या बुकिंगमधून. पहिल्या इमारतीच्या ग्राहकांच्या पैशातून दुसऱ्या जागेचे टोकन, दुसरीच्या पैशातून पहिलीच्या लिफ्ट, तिसरीच्या पैशातून दुसरीचे प्लास्टर. हे ज्याला जमले तो वाढला, आणि अनेक नामवंत घराणी अशीच उभी राहिली. रेराच्या चौथ्या कलमाने या कौशल्यावरच घाव घातला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, ते फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे, आणि काढायचे तेही काम जितके झाले तितक्या प्रमाणात, वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल या तिघांच्या दाखल्यांवर. ज्या हुशारीवर माणसाने वीस वर्षे काढली, ती एका तारखेपासून गुन्ह्याच्या वाटेवर जाऊन बसली. नवख्याला यात काहीच विसरायचे नव्हते. अनुभवी माणसाला मात्र आधी जुने विसरायचे आणि मग नवे शिकायचे, असे दुहेरी काम पडले. अनुभवी माणसासाठी वेगळे शिक्षण लागते, ते या दुहेरी कामासाठी.

असे शिक्षण जगात नवे नाही. कामात मुरलेल्या वरिष्ठांना पुन्हा वर्गात बसवण्याची आजची पद्धत हार्वर्ड बिझनेस स्कूलने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुजवली. तिथला वरिष्ठ व्यवस्थापकांचा अभ्यासक्रम १९४५ पासून चालत आला आहे. स्थावर मालमत्तेपुरते बोलायचे, तर इंग्लंडमध्ये कॉलेज ऑफ इस्टेट मॅनेजमेंट १९१९ सालीच निघाले होते. अमेरिकेत एमआयटीने १९८० च्या दशकात या विषयाचे स्वतंत्र केंद्र काढले. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये विल्यम पूर्वू यांनी खऱ्या प्रकल्पांच्या कागदपत्रांवरून हा विषय शिकवला, आणि तिथल्या वास्तुकला-नगररचनेच्या शाळेत पुढे खास अनुभवी बांधकाम व्यावसायिकांसाठीच प्रगत अभ्यासक्रम चालू झाला. हा अभ्यासक्रम वास्तुकलेच्या शाळेत निघाला, यात एक संकेत आहे: पैसा, रचना आणि शहर हे तीन विषय एकाच टेबलावर आणल्याशिवाय हा धंदा समजत नाही.

या सगळ्यांत आपल्याला जवळचे वाटावेत असे शिक्षक म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठातले जेम्स ग्रास्कॅम्प. पोलिओने ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर शरीर लुळे पडले, तरी १९८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी दोन पिढ्या घडवल्या. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: जागेच्या व्यवहारात पक्ष तीन असतात. जागा तयार करणारे, जागा वापरणारे, आणि रस्ते-पाणी-गटारे पुरवणारी सार्वजनिक यंत्रणा. तिघांचीही आवक-जावक सांभाळली गेली, तरच प्रकल्प व्यवहार्य म्हणायचा. बिल्डरला नफा झाला पण ग्राहक हप्त्यांखाली चिरडला, किंवा दोघांचे भागले पण महापालिकेला पाणी पुरवता आले नाही, तर तो प्रकल्प फसलाच. पुण्याच्या आणि ठाण्याच्या कडेला दिवसाकाठी टँकरच्या रांगा पाहणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

अमेरिकेत या विषयाला खरी किंमत आली ती पडझडीनंतर. १९८० च्या दशकात तिथल्या बचत-कर्ज संस्थांनी इमारतींवर पैसा उधळला, करसवलतींसाठी कार्यालये बांधली गेली, १९८६ मध्ये कर कायदा बदलला आणि रिकाम्या इमारती उघड्या पडल्या. बुडालेल्या संस्थांची मालमत्ता विकायला १९८९ साली सरकारला वेगळे महामंडळ काढावे लागले. तेजीत हिशेबाचे धडे कोणालाच नको असतात. मंदीत ते महाग पडतात. आपल्याकडची पडझड २०१६ ते २०१९ या काळात झाली, आणि म्हणून या शिक्षणाची वेळ आत्ता आहे.

आपल्याकडे काहीच नव्हते असे नाही. बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने १९८३ मध्ये निकमार ही संस्था उभी राहिली आणि पुण्याच्या बालेवाडीतून तिने प्रकल्प व्यवस्थापक घडवले. पण काम वेळेत आणि अंदाजपत्रकात कसे उरकावे हा एक विषय, आणि मुळात हे काम इथे, आत्ता, या पैशाने करावे का हा दुसरा. पहिला विषय व्यवस्थापकाचा, दुसरा प्रवर्तकाचा. पुस्तकातले बहुतेक पाठ दुसऱ्या विषयावर आहेत.

त्यांतला पहिला आणि मोठा विभाग वेळेच्या किमतीचा. मुरलेला माणूस नफा चौरस फुटावर सांगतो: जमीन इतकी, बांधकाम इतके, विक्री इतकी, उरले इतके. या हिशेबात कॅलेंडर कुठेच नसते. गुंतवणुकीवर ३० टक्के नफा तीन वर्षांत मिळाला, तर तो वर्षाला सुमारे ९ टक्के पडतो. तोच सात वर्षांत मिळाला, तर ४ टक्क्यांच्याही खाली जातो. बँकेतली मुदत ठेव त्याहून बरी, आणि तिला महापालिकेत खेटे घालावे लागत नाहीत. आता पुनर्विकासाचे एक कल्पित उदाहरण घ्या. साठ सभासदांची सोसायटी, प्रत्येकाला महिना ४०,००० रुपये भाडे, आणि खासगी वित्तसंस्थेकडून १८ टक्क्यांनी उचललेले २० कोटी. काम दोन वर्षे लांबले. भाडे वर्षाला २ कोटी ८८ लाख, म्हणजे दोन वर्षांत ५ कोटी ७६ लाख. कर्जावरचे चक्रवाढ व्याज सुमारे ७ कोटी ८५ लाख. एकूण १३ कोटी ६० लाखांच्या वर. विक्रीचे क्षेत्र ३०,००० चौरस फूट असेल, तर प्रत्येक फुटामागे साडेचार हजार रुपये नुसत्या उशिराने खाल्ले. सिमेंट-सळईच्या दरासाठी तासभर घासाघीस करणारा माणूस हा आकडा कधी मांडून बघत नाही. एकदा मांडला, की पुढच्या प्रकल्पात तो आधी परवानग्यांचे वेळापत्रक मागतो आणि मग दर.

दुसरा विभाग कायद्याचा. कायदा म्हणजे वकिलाचे काम, ही समजूत सोडून द्यावी लागते. करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, याचा परिणाम थेट विक्रीच्या योजनेवर होतो. मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते, म्हणजे जो आराखडा पुढे बदलावासा वाटेल तो सुरुवातीलाच विकायला काढू नये. बांधणीतल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे राहते, म्हणून वॉटरप्रूफिंगमध्ये वाचवलेले पैसे आपले नसतात, ते उधार असतात. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स खटल्यात रेराची घटनात्मकता मान्य केली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्स खटल्यात ठरलेल्या तारखेला ताबा न मिळाल्यास पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त असल्याचे सांगितले. दिवाळखोरी संहितेतल्या २०१८ च्या दुरुस्तीने घरखरेदीदाराला वित्तीय धनकोच्या रांगेत बसवले. हे तिन्ही एकत्र वाचले, की ग्राहकाला दिलेली ताब्याची तारीख हे जाहिरातीचे वाक्य न राहता कर्जाचे वचन होते. ती तारीख विक्री विभागाने ठरवावी की साइटच्या इंजिनिअरने, हा प्रश्न मग आपोआप सुटतो.

तिसरा विभाग पुनर्विकासाचा, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला तो सर्वांत जवळचा वाटेल. मोकळ्या जमिनीवर इमारत बांधताना ग्राहक शेवटी येतो. पुनर्विकासात तो आधीपासून बसलेला असतो, आणि तो ग्राहक नव्हेच, मालक असतो. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचे ४ जुलै २०१९ चे शासकीय निर्देश सर्वसाधारण सभा, निबंधकांचा प्रतिनिधी, चित्रीकरण, ५१ टक्के सभासदांची संमती असा सगळा क्रम घालून देतात. पण उरलेल्या ४९ टक्क्यांतल्या आजोबांना तिसऱ्या मजल्यावरून अठराव्या मजल्यावर जायची भीती का वाटते, हे निर्देशांत लिहिलेले नसते. सभेत बोलण्याचे, ऐकून घेण्याचे, व्यवहार्यता अहवाल सेक्रेटरींना कळेल अशा भाषेत मांडण्याचे शिक्षण या धंद्यात कोणी देत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने स्वयंपुनर्विकासाला सवलती दिल्या, तेव्हापासून सोसायटीला बिल्डरवाचूनही काम करण्याचा रस्ता दिसू लागला. आता बिल्डरला स्वतःचा उपयोग सिद्ध करावा लागतो. या विभागातले पाठ सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनीही जरूर वाचावेत; समोरचा पक्ष शिकलेला असला, की वाटाघाटी लवकर संपतात.

चौथा विभाग जमिनीचा आणि पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आपल्या जुन्या पात्रात परत आली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने तेच केले. मंजूर नकाशावर पुसट झालेला नाला जमिनीवर पुसट होत नाही. अनुभवी बिल्डर टायटलचा तीस वर्षांचा शोध घेतो. ओढ्याचा शोध घ्यायला मात्र तो गावातल्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्नही विचारत नाही. हा विभाग लहान आहे, आणि पुढच्या आवृत्तीत तो वाढावा अशी अपेक्षा आहे.

शेवटचा विभाग भांडवलाचा. सेबीने २०१४ मध्ये रीटचे, म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांचे, नियम केले, १ एप्रिल २०१९ रोजी देशातले पहिले रीट बाजारात नोंदले गेले. हा मार्ग मोठ्या भाड्याच्या कार्यालयांचा आणि मॉलचा. नाशिक-कोल्हापूरच्या बिल्डरला त्यात उतरायचे नसते. तरी त्याने तो समजून घ्यावा, कारण मोठा पैसा आता जे प्रश्न विचारतो तेच उद्या गावातली सहकारी बँकही विचारणार आहे: तिमाही हिशेब कुठे आहे, निर्णय कोण घेते, आणि शेठ आजारी पडले तर साइट कोण चालवील? तिसऱ्या प्रश्नावर वडील आणि मुलगा दोघेही एकाच बाकावर बसलेले असले तर वर्गात शांतता पसरते, असे पाठ घेणाऱ्या मंडळींचे निरीक्षण आहे.

पद्धतीविषयी थोडे सांगायला हवे. मुरलेल्या माणसाला व्याख्यान चालत नाही. दहाव्या मिनिटाला तो फोन बघतो आणि पंधराव्या मिनिटाला बाहेर जाऊन बोलतो. त्याच्यासमोर फाइल ठेवावी लागते: खरी जागा, खरे आकडे, निर्णयाचा दिवस, आणि पुढे काय झाले हे न सांगता विचारलेला प्रश्न, तुम्ही काय केले असते? हा प्रकरणाभ्यास. आपल्याकडे त्याला एक अडचण येते. एकाच शहरातला बिल्डर दुसऱ्यासमोर आपली फाइल उघडत नाही, आणि बुडालेल्या प्रकल्पाची तर मुळीच नाही. या अडचणीवरचा उपाय आपल्या डोळ्यांसमोरच आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाचे आराखडे, वचन दिलेली तारीख, वाढवून घेतलेल्या मुदती आणि तक्रारींवरचे आदेश कोणालाही वाचता येतात. इतके उघडे आणि फुकट ग्रंथालय या धंद्याला यापूर्वी कधी मिळाले नव्हते. ग्राहक ते वाचतो, वकील वाचतो. बिल्डर मात्र फक्त स्वतःचे पान भरण्यापुरता तिथे जातो.

न्यायालयांचे निकाल आणि सार्वजनिक प्रकरणेही अशीच वाचता येतात. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात पाच मजल्यांची परवानगी असताना सतरा-वीस मजल्यांपर्यंत इमारती चढल्या. १९८० च्या दशकातल्या या कामाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात २०१३ साली लागला आणि शिक्षा भोगली ती घरात राहणाऱ्यांनी. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनाचा त्रिपक्षीय करार २००८ मध्ये झाला. रहिवाशांच्या इमारती अपुऱ्या असतानाच विक्रीचे चटईक्षेत्र इतर विकासकांच्या हाती गेले, आणि अखेर पुनर्वसनाचे काम म्हाडाला स्वतःकडे घ्यावे लागले. ही प्रकरणे वृत्तपत्रात घोटाळा म्हणून वाचली जातात. वर्गात ती वेगळ्या प्रश्नाने वाचायची असतात: नेमक्या कोणत्या दिवशी, कोणत्या सहीने, परत फिरण्याची वाट बंद झाली? दोषी कोण हे न्यायालय ठरवील. कोणती सही आपण केली नसती, हे ज्याने त्याने ठरवायचे.

हे पाठ मराठीत का, असे विचारणारे भेटतात. व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम इंग्रजीत चालतात हे खरे, पण महाराष्ट्रातला हा धंदा चालतो मराठीत. फेरफार मराठीत, कुळकायद्याची नोंद मराठीत, तहसीलदाराची सुनावणी मराठीत, सोसायटीच्या सभेतले भांडणही मराठीत. डोंबिवली, सातारा, जळगाव इथे उत्तम काम करणारी कितीतरी माणसे केवळ इंग्रजीच्या धाकाने अशा वर्गांपासून दूर राहिली. त्यांच्यासाठी एफएसआय, टीडीआर, ओसी हे शब्द आहेत तसेच ठेवले आहेत, कारण तेच त्यांचे रोजचे शब्द आहेत. ओढूनताणून केलेल्या प्रतिशब्दांनी वाचकाची वाट अडवू नये, एवढे पथ्य पाळले आहे.

या शिक्षणाच्या मर्यादाही सांगून टाकलेल्या बऱ्या. अशा अभ्यासक्रमांची फी भरपूर असते, आणि काहींसाठी ते ओळखी वाढवण्याचे ठिकाण असते. पंचतारांकित हॉटेलात तीन दिवस, गटाचे छायाचित्र, कार्यालयाच्या भिंतीवर चौकट, आणि सोमवारी पुन्हा तोच रोखीचा हिशेब. शिक्षणाने अप्रामाणिक माणूस प्रामाणिक होत नाही. फार तर त्याचे कागद नीट होतात. म्हणून कडक नियमन आणि जागरूक ग्राहक यांची जागा शिक्षण घेऊ शकत नाही. २०१८ मध्ये महारेराने ग्राहक संघटना आणि विकासकांच्या संघटनांना एका टेबलावर बसवून सलोखा मंच सुरू केला, तेव्हा अनेक वाद निकालापर्यंत न जाता मिटू शकतात हे दिसून आले. ते शक्य झाले कारण दोन्ही बाजूंना आपापले आकडे समोर ठेवावे लागले. शिक्षणाचे कामही तेवढेच: आकडा समोर ठेवण्याची सवय लावणे. तीही थोडी नाही. या राज्यातल्या रखडलेल्या इमारतींमागे लबाडी जितकी आहे, तितकाच कच्चा हिशेब आहे, असे माझे मत आहे. आणि कच्चा हिशेब शिकवून सुधारता येतो.

प्रवर्तकाला परीक्षा सक्तीची करावी का, यावर मतभेद राहतील. मला ती करावी असे वाटते. निदान नव्याने नोंदणी मागणाऱ्याने तरी एजंटाइतके शिकून यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. पण तो नियम येईल तेव्हा येईल. जे आज धंद्यात आहेत, त्यांनी नियमाची वाट पाहू नये.

वाचकाला एक विनंती. पहिला पाठ उघडण्याआधी आपल्या शेवटच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पाचे दोन कागद शोधून काढा: जागा घेताना केलेला पहिला हिशेब आणि काम संपल्यावरचा ताळेबंद. पहिला हिशेब सापडला नाही, तर हे पुस्तक तुमच्यासाठीच आहे. सापडला, तर दोन्ही शेजारी ठेवून फरक कुठे पडला तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्या खुणेचा पाठ आधी वाचा. पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. आणि आपण काही शिकलो की नाही हे प्रमाणपत्रावर पाहू नका. पुढच्या प्रकल्पाच्या तीन तारखा ते सांगतील: ताबा कधी दिला, भोगवटा प्रमाणपत्र कधी मिळाले, आणि सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण कधी झाले.